डाळिंबाच्या सालीतील अँटिऑक्सिडंट शरीराला लागतात किती? सूक्ष्म आवरणाचे तंत्र आणि त्यातला शेतकऱ्याचा वाटा

सोलापूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या जमिनीत डाळिंब घेणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. माती परीक्षणात लोह दिसते, तरी नवीन पालवी पिवळी पडते. लोह जमिनीत आहे, पण सामू आठच्या वर असल्याने ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणून आपण चिलेटेड लोह वापरतो. त्यातही चुनखडीत ईडीटीए लवकर सुटते, ईडीडीएचए टिकते, म्हणून महाग असूनही तेच घ्यावे लागते. घटक किती आहे हा एक प्रश्न आणि तो उपलब्ध किती होतो हा दुसरा प्रश्न.

माणसाच्या पोटातही हेच घडते. ‘डाळिंबाच्या सालीत दाण्यांपेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट असतात’ असे मोबाइलवर आलेले संदेश तुम्ही वाचले असतील. ते विधान खरे आहे. पण सालीत असलेले सगळे रक्तात पोहोचते असा त्याचा अर्थ होत नाही. हे घटक पोटात टिकावेत, योग्य जागी सुटावेत आणि शोषले जावेत यासाठी त्यांना बारीक आवरण देण्याच्या पद्धती गेल्या काही दशकांत विकसित झाल्या. त्यामुळेच आता काही खरेदीदार वाळलेल्या सालीची चौकशी करू लागले आहेत. ही चौकशी तुमच्यापर्यंत किंवा तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीपर्यंत आली, तर तिच्यामागचे शास्त्र आणि त्यातले धोके माहीत असलेले बरे.

सालीत नेमके काय असते?

डाळिंबाच्या वजनात साल आणि आतला पांढरा पापुद्रा मिळून, जात आणि फळाच्या आकारानुसार, साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग असतो. रस किंवा दाणे काढणाऱ्या युनिटमध्ये एवढा माल उकिरड्यावर जातो. या सालीत प्युनिकॅलाजिन नावाचे टॅनिन भरपूर असते. साल चाखल्यावर जीभ आवळते ती याच टॅनिनमुळे. शिवाय एलाजिक आम्ल असते, आणि लाल सालीत रंग देणारी अँथोसायनिन असतात.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाळिंबाच्या बाटलीबंद रसाची अँटिऑक्सिडंट क्षमता रेड वाइन आणि ग्रीन टी यांच्या सुमारे तिप्पट आढळली. त्यातली मेख अशी की फक्त दाण्यांपासून काढलेल्या रसापेक्षा अख्खे फळ दाबून काढलेला रस सरस ठरला, कारण दाबताना सालीतले टॅनिन रसात उतरले होते. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो, त्याचाच तो गुण होता.

सालीचा उपयोग आपल्याकडे नवा नाही. भवानी पेठेसारख्या सोलापूरच्या जुन्या वस्तीत आजही जुलाबावर वाळलेली डाळिंबाची साल उगाळून किंवा काढा करून देणारी घरे सापडतील. टॅनिन आतड्याच्या आतल्या थरावरील प्रथिनांना धरून तो थर आवळते, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. तुरटी आणि सालीचा पिवळा रंग कापडावर बसतो, लोहाबरोबर तो काळपट होतो, हेही रंगाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यावे लागणार आहे.

शोषण कुठे अडते?

अडचणी दोन आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. बाजारातली बरीच माहिती त्यांची सरमिसळ करते.

पहिली अडचण प्युनिकॅलाजिनची. ते पाण्यात सहज विरघळते, पण त्याचा रेणू फार मोठा आहे. त्याचा रेणूभार सुमारे १०८४ आहे. तुलनेसाठी साखरेचा ३४२ आहे, आणि साखरसुद्धा आतड्यात फोडून मगच शोषली जाते. एवढा मोठा रेणू लहान आतड्याच्या भिंतीतून अख्खा जाणे जवळजवळ अशक्य. तो फुटून एलाजिक आम्ल तयार होते. आता दुसरी अडचण सुरू होते. एलाजिक आम्लाचा रेणू लहान आहे, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटर पाण्यात जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळते. न विरघळलेला कण शोषला जात नाही.

परिणाम किती मोठा आहे हे एका आकड्यावरून कळते. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १८० मिलिलिटर डाळिंब रस प्यायला दिला होता. त्या रसात २५ मिलिग्रॅम एलाजिक आम्ल आणि ३१८ मिलिग्रॅम फुटू शकणारी टॅनिन होती. तासाभराने रक्तद्रवात एलाजिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ३२ नॅनोग्रॅम झाले आणि चार तासांत ते नाहीसे झाले. मोठ्या माणसाच्या शरीरात ३ लिटर रक्तद्रव धरला, तर त्या क्षणी रक्तात एकूण एक दशांश मिलिग्रॅम एवढेच होते. पोटात गेले होते तीनशेच्या वर.

मग बाकीचे वाया जाते का? पूर्ण नाही. जे शोषले गेले नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू एलाजिक आम्लापासून युरोलिथिन नावाची संयुगे तयार करतात आणि ती मात्र चांगली शोषली जातात. त्याच गटाने २००६ मध्ये १८ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात एलाजिक आम्ल काही तासांत संपले, तर युरोलिथिन लघवीत ४८ तासांपर्यंत सापडत राहिली. पण प्रत्येकाच्या आतड्यात हे जिवाणू सारखे नसतात. स्पेनमधील मुर्सिया येथील संशोधकांनी माणसांचे तीन गट दाखवले आहेत. एका गटात युरोलिथिन ए तयार होते, दुसऱ्यात त्याबरोबर इतर प्रकारची होतात आणि तिसऱ्यात अजिबात होत नाहीत. एकच पूड दोघांना दिली, तर एकाला उपयोग होईल आणि दुसऱ्याला नाही, हे लक्षात ठेवून विकणाऱ्याची जाहिरात वाचावी.

आवरण म्हणजे काय?

खताचे उदाहरण घ्या. साधा युरिया एकदम विरघळतो आणि पिकाला लागण्याआधी बराचसा निसटतो. गंधकाचे आवरण दिलेल्या युरियात दाण्याभोवतीचा थर युरियाला हळूहळू बाहेर सोडतो. निमकोटेड युरियाचे काम थोडे वेगळे आहे. तिथे कडुलिंब जमिनीतल्या जिवाणूंचा नायट्रीकरणाचा वेग कमी करतो. दोन्हीला आपण ‘कोटेड’ म्हणतो, पण यंत्रणा निराळी. सालीच्या अर्काच्या बाबतीतही ‘आवरण’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी कामे येतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे फवारा पद्धतीने वाळवणे, म्हणजे स्प्रे ड्रायिंग. सालीचा अर्क माल्टोडेक्स्ट्रिन किंवा अकेशियाच्या डिंकात मिसळतात. साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअस गरम हवेत त्याचा बारीक फवारा सोडतात. थेंबातले पाणी झटकन उडते, त्यामुळे थेंब स्वतः तेवढा तापत नाही, आणि कोरडी पूड खाली पडते. डिंकाच्या थरात अडकलेले घटक हवेपासून आणि ओलाव्यापासून वाचतात. पूड महिनोन्महिने टिकते, चव कमी तुरट लागते, कॅप्सूलमध्ये भरता येते. मात्र माल्टोडेक्स्ट्रिन आणि डिंक पाण्यात लगेच विरघळतात. म्हणजे पोटात गेल्यावर आवरण काही मिनिटांत संपते. ही टिकाऊपणाची सोय झाली, हळूहळू सुटण्याची नव्हे. ‘एन्कॅप्सुलेटेड’ लिहिलेले प्रत्येक उत्पादन नियंत्रित सुटणारे असते असे समजू नका. तुमच्याशी बोलणाऱ्या खरेदीदाराला हा फरक माहीत नसेल, तर तो स्वतः काही बनवत नाही, मधला दलाल आहे असे धरून चाला.

दुसरी पद्धत खरोखर जागा पाहून सुटणारी आहे आणि तिचे तत्त्व सामूवर चालते. जठरात सामू साधारण दीड ते साडेतीन, म्हणजे तीव्र आम्ल. लहान आतड्यात तो सहा ते साडेसातपर्यंत चढतो. समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब सोडले की साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. हे मणी आम्लात आकसतात आणि आतड्यातल्या सामूला फुगून सुटतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन याच्या उलट, ते आम्लात विरघळते. म्हणून नुसत्या कायटोसॅनचे आवरण जठरातच उघडते. पण अल्जिनेटच्या मण्यावर कायटोसॅनचा पातळ थर दिला, तर दोघे एकमेकांना धरतात आणि मण्याची छिद्रे बुजतात. ही छिद्रे बुजवणे गरजेचे असते, कारण प्युनिकॅलाजिन पाण्यात विरघळणारे असल्याने ते उघड्या मण्यातून पाझरून जाते. ईडीटीए की ईडीडीएचए हा निर्णय जसा तुमच्या जमिनीच्या सामूवर ठरतो, तसेच हे.

याच तत्त्वावर पेक्टिनचे आवरण वापरतात. पेक्टिन माणसाला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते खातात. त्यामुळे आवरण थेट जिवाणूंच्या दारात उघडते. युरोलिथिन तयार होण्यासाठी माल तिथेच पोहोचायला हवा, म्हणून सालीच्या टॅनिनसाठी हा मार्ग मला सर्वांत तर्कशुद्ध वाटतो. गंमत म्हणजे पेक्टिन डाळिंबाच्या सालीतही असते.

तिसरी पद्धत विरघळण्याच्या अडचणीवरची. एलाजिक आम्लासारखा न विरघळणारा घटक सोयाबीनच्या लेसिथिनशी, म्हणजे फॉस्फोलिपिडशी जोडतात किंवा त्याचे अतिसूक्ष्म कण करतात. इथे हेतू सावकाश सोडण्याचा नसतो, विरघळवून शोषण वाढवण्याचा असतो. हळदीतल्या कुरकुमिनसाठी ही पद्धत बरीच वापरली जाते, कारण कुरकुमिनही पाण्यात विरघळत नाही.

हळदीचा विषय निघालाच आहे, तर एक जुना पण महत्त्वाचा प्रयोग सांगतो. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर काळ्या मिरीतील २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तेव्हा माणसांमध्ये कुरकुमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. इथे आवरण नव्हते. पिपेरिन यकृत आणि आतड्यातली कुरकुमिन बाहेर टाकण्याची क्रिया मंदावते. पण जे पिपेरिन कुरकुमिनला अडवून ठेवते, ते रुग्णाने घेतलेल्या इतर औषधांनाही अडवू शकते. शोषण वाढवणे ही प्रत्येक वेळी चांगलीच गोष्ट असते, असे नाही.

दावे किती खरे मानावेत?

सालीच्या आवरणयुक्त अर्कावरचे बरेच काम प्रयोगशाळेतल्या कृत्रिम जठररसात किंवा उंदरांवर झालेले आहे. माणसांवरचे अभ्यास कमी आणि लहान आहेत. त्यात भर म्हणजे परीक्षानळीतली अँटिऑक्सिडंट क्षमता शरीरात तशीच चालते असे नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली ओरॅक यादी याच कारणावरून २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. डाळिंबाच्या बाबतीत तर खटलाच झाला. पॉम वंडरफुल या अमेरिकी कंपनीने रस हृदयरोग आणि प्रोस्टेट कॅन्सरवर उपयोगी असल्याच्या जाहिराती केल्या होत्या. तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही आयोगाचा निर्णय मुख्यतः कायम ठेवला. ती कंपनी डाळिंब विकणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती. आपल्या गावातल्या गटाने पाकिटावर ‘मधुमेह बरा करते’ लिहिले, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली काय होईल याची कल्पना करा. अशा उत्पादनाला भारतात अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा परवाना लागतो, पूरक पोषक उत्पादनांसाठीचे २०१६ चे नियम लागू होतात, आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

घरी सालीची पूड घेण्याविषयी

विस्तार कार्यकर्त्यांना गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर. तुमच्याकडे ठिबकमधून देण्यासाठी आणलेले फेरस सल्फेट असेल. डाळिंबाची थोडी साल गरम पाण्यात भिजवून पाणी गाळून घ्या आणि वेगळ्या काचेच्या ग्लासात त्यात चिमूटभर फेरस सल्फेट टाका. पाणी शाईसारखे निळे-काळे होते. टॅनिनने लोह धरले. हे पाणी पिऊ नका, ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. जेवणातल्या भाकरी-भाजीतल्या लोहाबरोबर पोटात हेच घडते आणि ते लोह शरीराला कमी मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. पॅकहाउसमध्ये फळे निवडणाऱ्या, बागेत छाटणी करणाऱ्या बायका यांतच येतात. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा लोहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून जेवणाबरोबर सालीची पूड किंवा सालीचा चहा घेऊ नये. दाणे खाल्ले तर ही अडचण फारशी नाही. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘सोलापूर लाल’ या जातीत तर लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक आहे.

रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर सालीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि डाळिंबाच्या मुळाची व खोडाची साल हा पूर्ण वेगळा पदार्थ आहे. तिच्यात पेलेटिएरिनवर्गीय अल्कलॉइड असतात, ते विषारी ठरू शकतात. छाटणीनंतरच्या फांद्यांची साल काढून कोणी ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकत असेल, तर त्याला थांबवा.

खरा अडथळा अवशेषांचा

डाळिंब शेतकऱ्याच्या दृष्टीने सालीचा सगळ्यांत मोठा प्रश्न शोषणाचा नाहीच. तेल्या, मर आणि फुलकिडे यांच्यासाठी आपण हंगामात जेवढ्या फवारण्या करतो, त्यांचा मारा सालीवर होतो. दाणे आत सुरक्षित असतात, साल नसते. बोर्डो मिश्रणाचे आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे तांबे सालीवर राहते. वाळवल्यावर वजन तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे अवशेषांचे प्रमाण किलोमागे सुमारे तिप्पट होते. त्याचा अर्क काढला की आणखी घट्ट. निर्यातीत पास झालेले फळ म्हणजे त्याची सालही पूड करण्यायोग्य, असे गृहीत धरता येत नाही. अवशेषांची मर्यादा ताज्या फळावर मोजलेली असते.

म्हणून साल विकायची असेल, तर ती कुठल्या बागेची आहे हे आधी ठरवा. शेवटच्या फवारण्यांची नोंदवही पूर्ण असलेली, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळलेली बाग निवडा. निर्यातीसाठी अनारनेटवर नोंदलेल्या बागांमध्ये ही नोंद बहुतेक तयारच असते. तेल्याचे काळे डाग, बुरशी आलेले तडे असलेली फळे वेगळी काढा. उन्हाने करपलेली किंवा आकाराने लहान राहिलेली, पण निरोगी फळे चालतात. बाजारात त्यांना दर नसतो, त्यामुळे प्रक्रियेला ती परवडतात. रसवंतीवाल्याकडून गोळा केलेली मिश्र साल स्वस्तात मिळते, पण तिची बाग सांगता येत नाही. ती कंपोस्टच्या खड्ड्यात गेलेली बरी.

वाळवण

साल काढल्यापासून काही तासांत वाळवायला घ्यावी. ढीग करून ठेवली की ती तपकिरी पडते आणि बुरशी धरते. स्वच्छ पाण्याने धुऊन, पाणी निथळून, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ट्रे ड्रायरमध्ये ५० ते ६० अंशांवर वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणावा. तुकडा वाकवल्यावर कडकन तुटला पाहिजे. १०० किलो ओल्या सालीतून साधारण ३३ ते ३५ किलो वाळलेली साल हाती येते. रस्त्याकडेला किंवा खळ्यावर उन्हात वाळवलेल्या सालीत धूळ आणि जिवाणूंचे प्रमाण एवढे असते की चांगला खरेदीदार ती परत करतो.

इथे बहाराचा हिशोब महत्त्वाचा आहे. हस्त बहाराची फळे कोरड्या, कडक हवेत निघतात. सौर वाळवणी यंत्रावरही त्यांची साल नीट वाळते. आंबे बहाराची काढणी मात्र पावसाळ्यात येते. त्या साली विजेवर किंवा बायोमासवर चालणारा ड्रायर असल्याशिवाय हातात घेऊ नयेत. वाळलेली साल हवाबंद, प्रकाश न जाणाऱ्या पिशवीत, बाग आणि तारीख लिहून ठेवावी.

विक्रीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कीडनाशक अवशेष, तांबे धरून जड धातू, जिवाणू-बुरशी आणि एकूण फिनॉल यांचा अहवाल घ्या. खरेदीदार प्युनिकॅलाजिनच्या टक्क्यांवर दर देणार असेल, तर ती तपासणी एचपीएलसी यंत्रावर होते आणि नमुना कोणी काढायचा, तपासणीचा खर्च कोणाचा, हे लेखी ठरवून घ्या. स्प्रे ड्रायर किंवा कॅप्सूल भरण्याचे यंत्र घेण्याचा सल्ला एखाद्या गटाला कोणी देत असेल, तर माझे मत स्पष्टपणे नको असे आहे. त्या यंत्राला वर्षभर एकसारखा कच्चा माल, तंत्रज्ञ आणि ठरलेला ग्राहक लागतो. गटाने स्वच्छ, नोंद असलेल्या वाळलेल्या सालीपर्यंतच थांबावे. त्यासाठी लागणारा ड्रायर आणि पॅकिंग सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बसू शकते. या योजनेत वैयक्तिक युनिटला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. यंदाची स्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावी, आणि अर्ज करण्याआधी खरेदीदाराचे निदान एका हंगामाचे लेखी मागणीपत्र हातात असावे.